आधी फिल्टर, मग पाइप : एटीव्हीवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात स्पोर्ट एटीव्हीबद्दल, म्हणजे रानात पळवायच्या चारचाकी बाईकबद्दल प्रश्न मागवले होते, वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, पण सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यातून एवढी आली की सगळी छापणं शक्य नाही. दहातल्या आठ जणांना एकच हवंय, पॉवर. आता खरं सांगू का, ४०० सीसीच्या वरच्या कुठल्याही स्पोर्ट एटीव्हीत आपल्या माळावर वापरता येईल त्यापेक्षा जास्तच पॉवर कंपनीनं दिलेली असते. आपल्याकडं कमी पडतं ते वेगळंच, एअर फिल्टरची निगा, आणि ते कुणी विचारलंच नाही, फक्त मोहोळच्या एका दादांनी विचारलं, म्हणून त्यांना सगळ्यात मोठं उत्तर दिलंय.

सर, सेकंडहँड यामाहा रॅप्टर ७०० घेतलीय. स्लिप-ऑन सायलेन्सर टाकला, एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, झाकण काढलं, व्हिडिओत सगळे तसंच करतेत. आवाज लय भारी आला पण पिकअप पहिल्यापेक्षा मेल्यासारखा वाटतो, आणि एक्सलेटर सोडला की फट् फट् वाजतंय. काय झालं असंल?
– वाचक, जुळे सोलापूर

झालं एवढंच की हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं. रॅप्टर ७०० ही ६८६ सीसीची इंजेक्शनवाली गाडी, तिच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, कंपनीनं एक नकाशा, म्हणजे मॅप, भरून ठेवलेला असतो, एवढा थ्रॉटल एवढे आरपीएम तर एवढं पेट्रोल. तुम्ही झाकण काढलं हे त्याला कळत नाही, तो आपला जुन्याच हिशोबानं पेट्रोल सोडत बसतो. म्हणून मिश्रण पातळ होतं, आपल्या भाषेत गाडी लीन चालते, आणि लीन गाडी नुसती मंद होत नाही तर गरम होते, पिस्टनपर्यंत जाऊ शकतं प्रकरण.

त्यात दुसरी गंमत, पेट्रोल. आपल्या जिल्ह्यात उसाचे कारखाने एवढे आहेत, इथेनॉल कशाला म्हणतात ते तुम्हाला सांगायला नको, आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९, त्यामुळं ई-२० ला साधारण साडेतेरा लागतात. म्हणजे तेवढंच इंधन टाकीतून आलं तर ते आपोआप लीन पडतं. बाहेरच्या देशातून आलेली गाडी निव्वळ पेट्रोलवर किंवा ई-१० वर सेट झालेली असते, ती इथं आली की काही न करताच थोडी लीन होते, आणि वरून तुम्ही झाकण काढलं.

तर आज संध्याकाळी झाकण परत लावा. मग पाइपच्या जोडावर आणि हेडरच्या, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या पाइपाच्या, गॅस्केटवर बघा काळा डाग आहे का, तिथून हवा खेचली तरी एक्सलेटर सोडल्यावर असंच फटफटतं, आणि ते फुकटात दुरुस्त होतं. ते करूनही राहिलं तर पेट्रोलचा हिशोब बदलणारा फ्युएल कंट्रोलर घ्यावा लागेल आणि तो वाइडबँड मीटर, म्हणजे धुरावरून मिश्रण मोजणारा मीटर, लावून सेट करावा लागेल, नुसता डब्यातून काढून जोडला आणि त्यातला तयार मॅप मारला तर तो मॅप बाहेरच्या पेट्रोलचा, बाहेरच्या हवेचा. पैसे नसतील तर झाकण लावून, नुसता पाइप ठेवून चालवा. स्लिप-ऑननं मिळतं ते मुख्यतः आवाज आणि दोन-तीन किलो कमी वजन, पॉवर फारशी नाही, हे दुकानदार सांगत नाही.

सुझुकी एलटी-झेड ४०० आहे, कार्बोरेटरवाली. मे महिन्यात मेकॅनिककडून जेटिंग करून घेतलं, एकदम झकास चालली. आता थंडीत सकाळी अडखळते, फुल्ल एक्सलेटरला दम सोडते. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला.
– वाचक, अक्कलकोट

कार्बोरेटर काही बदलू नका. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, गरम हवा विरळ असते, तिच्यात ऑक्सिजन कमी, त्यामुळं तेव्हा गाडी जरा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन, चालते आणि मेकॅनिकनं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, लहान करून ती बरोबर केली. डिसेंबरच्या सकाळी हवा थंड, दाट, आणि जेट तोच लहान, मग लीन होणारच. उलटं केलं असतं तर, म्हणजे थंडीत सेट करून उन्हाळ्यात चालवली असती तर, थोडी जड चालली असती पण इंजिनला धोका नव्हता. म्हणून एकदाच सेट करणार असाल तर थंडीत करा.

आणि कुठला जेट ते ओळखायला एक्सलेटरच्या मुठीवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पाव मुठीपर्यंत अडखळली तर पायलट जेट आणि एअर स्क्रू, पाव ते पाऊणमध्ये अडखळली तर नीडल, म्हणजे कार्बोरेटरातली सुई, तिची क्लिप एक खाच वर-खाली, आणि पाऊणच्या पुढं असेल तर मेन जेट. तुमची फुल्ल मुठीला दम सोडते म्हणजे मेन जेट एक नंबर मोठा, बास. एका वेळी एकच गोष्ट बदलायची नाहीतर कशानं काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मग नवा प्लग टाकून फुल्लवर पळवून, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा, फिकट तपकिरी आला तर ठीक, पांढराफटक आला तर अजून लीन, काजळी धरली तर रिच.

एअर फिल्टर किती दिवसांनी साफ करावा? आमचा मेकॅनिक पेट्रोलमध्ये बुचकळतो, हवा मारतो आणि बसवतो. बरोबर आहे का ओ?
– वाचक, मोहोळ

नाही, तीनही गोष्टी चूक. पण प्रश्न विचारलात याबद्दल आभार, कारण सोलापुरात एटीव्ही मरते ती याच एका गोष्टीनं.

आपली माती बघा. पावसाळ्यात चिकट काळी, आणि फेब्रुवारीपासून तिचा फुफाटा होतो, गाडीवाटेवर ट्रॅक्टर गेला की पाच मिनिटं समोरचं दिसत नाही. त्यात मुरुमाची धूळ वेगळी. ही धूळ म्हणजे बारीक पॉलिश पेपरच, इंजिनात गेली की आधी इनटेक व्हॉल्व्ह घासते, मग रिंगा, मग सिलेंडर, आणि माणूस म्हणतो पॉवर कमी झाली, मोठा पिस्टन टाकू का.

दिवस मोजून उपयोग नाही. दोघं-तिघं एकामागं एक चालवत असाल आणि तुम्ही मागं असाल तर एका दुपारीच फिल्टर संपतो, एकटे ओल्या रानात फिरलात तर पाच-सहा वेळा चालेल. नियम असा ठेवा की धुळीत गाडी गेली, फिल्टर निघाला. दोन फिल्टर ठेवा, एक गाडीत, एक तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत तयार.

धुवायची पद्धत. पेट्रोलनं फोमचा जोडलेला भाग सुटतो, फोम कडक पडतो, शिवाय बंद गॅरेजात पेट्रोलचं घमेलं हा जिवाशी खेळ आहे. फोम फिल्टरचं क्लीनर मिळतं ते घ्या, नाही मिळालं तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड, पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. आतून बाहेर ढकलत धुवा. आणि सोलापुरी चादर पिळतो तसा पिळू नका, नुसता मुठीत दाबा, पिळला की फोमला बारीक चिरा जातात आणि त्या डोळ्याला दिसत नाहीत. कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नाही, त्यानं भोकं मोठी होतात. सावलीत पूर्ण वाळू द्या.

मग तेल. फोम स्वतः धूळ अडवत नाही, त्याच्यावरचं चिकट तेल अडवतं, कोरडा फोम बसवणं म्हणजे जवळजवळ काहीच न बसवणं. त्यासाठी फोम फिल्टरचं तेलच लागतं, इंजिन ऑइल लावलं तर ते दोन दिवसात खाली ओघळून एअरबॉक्सच्या तळाला जमतं आणि वरचा भाग कोरडा. सगळीकडं एकसारखा रंग येईपर्यंत दाबून दाबून मुरवा, जास्तीचं काढून टाका. बसवताना काठाला, जिथं फिल्टर एअरबॉक्सला टेकतो तिथं, ग्रीसचा पातळ थर फिरवा. बरीच धूळ फिल्टरमधून जात नाही, ती या काठावरून जाते.

आणि झालं की नाही ते तपासायचं कसं, तर पुढच्या वेळी फिल्टर काढला की इंजिनकडं जाणाऱ्या रबराच्या नळीत आतून पांढरं फडकं फिरवा. फडकं मातकट झालं तर कुठंतरी गळतंय, ते सापडेपर्यंत गाडी स्टार्टसुद्धा करू नका.

यामाहा वायएफझेड ४५० आहे. थंड असताना एका सेल्फला चालू, पण गरम झाल्यावर बंद पडली की मग काय केल्या होत नाही, अर्धा तास थांबावं लागतं. बॅटरी नवी, प्लग नवा.
– वाचक, बार्शी

हे वरच्या प्रश्नाचंच पुढचं पान. या गाडीला पाच व्हॉल्व्ह, तेही टायटॅनियमचे, हलके म्हणून जास्त आरपीएम घेतात पण त्यांच्यावरचा कडक थर पातळ असतो, धुळीनं तो एकदा गेला की व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये आत आत बसत जातो. त्यानं वरचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्स, कमी होत होत शून्याला येतो. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, कॉम्प्रेशन मिळत नाही, गाडी चालू होत नाही. थंड झाली की परत थोडा गॅप येतो आणि तुम्हाला वाटतं झाली बरी.

इंजिन पूर्ण थंड करून, रात्रभर उभी ठेवून सकाळी, फिलर गेजनं, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, क्लिअरन्स मोजून घ्या, आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. शिम, म्हणजे व्हॉल्व्हवरची मापाची बारीक चकती, बदलून गॅप परत येतो, आणि एकदा शिम बदलणं हे मेंटेनन्समध्ये धरा. पण थोड्याच दिवसात तोच व्हॉल्व्ह परत टाइट झाला तर पुन्हा शिम नाही, व्हॉल्व्ह बदलायचा आणि सीट तपासायची. सारखा शिम घालत राहिलात तर एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं, आणि त्या बिलात दुसरी जुनी गाडी येईल.

करमाळ्याकडं उजनीच्या पाण्याच्या कडेला आमची जमीन आहे. मऊ गाळात आणि वाळूत ४५० ची गाडी दमते, दुसरा गिअर ओढत नाही. चेनच्या चक्रांना पुढं १४, मागं ३८ दात. बिगबोअर किट, म्हणजे मोठं सिलेंडर-पिस्टन, टाकावं का हाय कॉम्प्रेशन पिस्टन?
– वाचक, करमाळा तालुका

दोन्ही राहू द्या, आधी पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, १३ चं टाका. ३८ भागिले १४ म्हणजे २.७१, ३८ भागिले १३ म्हणजे २.९२, जवळजवळ आठ टक्के जास्त ओढ, आणि खर्च किरकोळ. तेवढाच फरक मागून करायचा असता तर ४१ दात लागले असते आणि चेनही लांब करावी लागली असती. टॉप स्पीड तेवढाच कमी होईल, पण गाळात टॉप स्पीड घेऊन करायचंय काय. तुम्ही मागचे टायर मोठे टाकलेत का तेही बघा, २० इंचाचे काढून २२ चे टाकले की साधारण नऊ टक्के ओढ तिथंच गेली, बरेच जण हे करतात आणि मग इंजिनला दोष देतात.

हाय कॉम्प्रेशनमध्ये अजून एक खड्डा आहे तो सांगतो. किटच्या कागदावर लिहिलेलं असतं ९१ ऑक्टेन चालेल, आणि आपला माणूस तोच आकडा इथल्या पेट्रोलला लावून खूश होतो. अमेरिकेत तो आकडा दोन पद्धतींची सरासरी असते, आपल्याकडं एकाच पद्धतीचा, ज्याला रॉन म्हणतात. त्यांचा ९१ म्हणजे आपला ९५-९६. त्यापेक्षा कमी ऑक्टेनचं टाकून भर उन्हात वाळूत फुल्ल लोड दिला की इंजिन ठोकायला लागतं.

स्प्रॉकेट बदलताना चेन जुनी असेल तर तीही बदला, आणि ढील मोजताना कुणाला तरी सीटवर बसवा, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा, म्हणजे मागचा एक्सल धरणाऱ्या हाताचा, बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतील, चेन सगळ्यात जास्त तिथंच ताणते. रिकाम्या गाडीवर टाइट करून दिली की खड्ड्यात चेन नाहीतर बेअरिंग यापैकी एक जातं.

टायरमध्ये हवा किती? पंक्चरवाला ३० मारतो. आणि काट्यांचं काय करू?
– वाचक, पंढरपूर

३० अजिबात नको! स्पोर्ट एटीव्हीचे टायर ४ ते ६ पीएसआयवर चालतात, नेमका आकडा टायरच्या बाजूला आणि मॅन्युअलमध्ये बघा. ३० मारली तर टायर फुगून गोल होतो, गाडी दगडावर चेंडूसारखी उडते आणि टायर फाटू शकतो. पंक्चरवाल्याच्या गेजला एवढा कमी आकडा नीट दिसतही नाही, कमी दाबाचा गेज स्वतःचा घ्या आणि पायपंपानं भरा. मागच्या दोन चाकात अर्ध्या पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

काट्यांना, आणि आपल्याकडं म्हणजे वेड्या बाभळीच्याच काट्यांना, पक्का उपाय नाही. टायरमधलं सीलंट टाका, ट्यूबलेसच्या पट्ट्यांचं किट जवळ ठेवा. काटा मोडून आत राहिला असेल तर तो काढल्याशिवाय पट्टी घालू नका.

वळणावर आतलं चाक उचलतं, भीती वाटते. मित्र म्हणतो व्हील स्पेसर, म्हणजे चाकाच्या आत बसवायची जाड चकती, टाक, रुंद झाली की पडत नाही.
– वाचक, होटगी रोड

मित्राचं अर्धं बरोबर. कंपनीची स्पोर्ट एटीव्ही साधारण ४६ इंच रुंद असते आणि मोटोक्रॉसवाले ती ५० इंचापर्यंत नेतात, ते उगाच नाही. पण ते पुढून लांब ए-आर्म, म्हणजे पुढचं चाक धरणारे हात, आणि त्याला जुळणारे शॉकअप टाकून करतात, मागून रुंद एक्सल टाकून. पुढच्या चाकाला नुसता स्पेसर लावला की चाक बेअरिंगपासून लांब जातं, प्रत्येक दगडाचा झटका हँडलवर येतो आणि बेअरिंग लवकर जातं. मागं स्पेसर त्यामानानं चालतो, चांगल्या अॅल्युमिनियमचा असेल आणि नट परत परत तपासणार असाल तर.

पण त्याआधी फुकटातलं करा. गाडी जॅकवर उचलून चाकं लोंबकळू द्या आणि एक्सलपासून फ्रेमच्या मागच्या पाइपापर्यंत अंतर मोजा, मग खाली घेऊन हेल्मेट-बूट घालून तुम्ही बसा आणि दुसऱ्याला परत मोजायला सांगा. फरक हा एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जेवढं वर-खाली हलतं त्याच्या, साधारण एक तृतीयांश हवा, म्हणजे मागचा ट्रॅव्हल २७० मिमी असेल तर ९० च्या आसपास. कमी-जास्त असेल तर स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीचा ताण, फिरवा. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाचं वजन काय होतं देव जाणे, ५५ किलोच्या पोराची सेटिंग ९० किलोच्या माणसाला कशी चालेल. मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उसळायचा वेग, दोन क्लिक हळू करा आणि त्याच वळणावरून परत जा. आणि वळताना शरीर आत टाका, नुसतं हँडल वळवून एटीव्ही वळत नाही, मागचा एक्सल एकच अखंड असल्यामुळं दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि गाडी सरळ जायला बघते. आतलं चाक हलकं झाल्याशिवाय ती वळणारच नाही, त्यामुळं थोडं उचलतं त्याला लगेच घाबरू नका.

उन्हाळ्यात गाडी उकळते. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकतो, चालतं ना?
– वाचक, मंगळवेढा

नाही ओ. बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार धरतो, अॅल्युमिनियम खातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. आणि बाहेरून रेडिएटर बघा, उसाच्या पाचटाचा भुगा आणि वाळलेला चिखल जाळीत बसलेला असणार, तो कमी दाबाच्या पाण्यानं इंजिनच्या बाजूनं बाहेर असा धुवा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप जवळून मारला की फिन्स आडव्या होतात. मग झाकणाचं रबर आणि फॅन लागतो का ते बघा. गाडी गरम असताना झाकण उघडू नका, हे लिहायची वेळ येऊ नये, पण पत्रं वाचून लिहावं वाटलं.

मुलगा १३ वर्षांचा आहे, त्याच्या बाबांच्या ४०० सीसीवर मागं बसून जातो आणि आता चालवायला मागतोय. शेतातच चालवणार, रस्त्यावर नाही. द्यावी का?
– एक वाचक आई, सांगोला

ताई, नको. मोठ्या सीसीच्या गाडीवर कंपनी स्वतःच स्टिकर लावते की १६ च्या खाली नाही, आणि स्पोर्ट एटीव्हीवर मागं कुणीच बसायचं नसतं. ती लांब सीट चालवणाऱ्याला पुढं-मागं सरकायला आहे, मागं माणूस बसला की चढावर पुढची चाकं उचलतात. अमेरिकेत तीनचाकी एटीव्हीनं एवढी पोरं जखमी झाली की १९८८ मध्ये कंपन्यांना त्यांची विक्रीच थांबवावी लागली, आणि चारचाकी उलटली तरी तिचं वजन दीडशे किलोच्या वर असतं. मुलाला आवड असेल तर त्याच्या मापाची लहान गाडी, स्पीड लिमिटर लावलेली, चालवताना शेजारी मोठं माणूस आणि हेल्मेट. बाबांनाही हेल्मेट, हे त्यांना वाचून दाखवा.

नान्नजकडच्या माळावर चालवायला मोकळं रान आहे असं ऐकलं. आणि तिथपर्यंत रस्त्यानं नेली तर पोलीस धरतात का?
– वाचक, सोलापूर शहर

ते मोकळं रान नाही, ते माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. माळढोक जमिनीवरच अंडी घालतो आणि आता तो इतका थोडा उरलाय की त्या गवतातून गाडी घालण्याचा विचारही नको, वन्यजीव कायद्याची केस होईल ती वेगळीच. अभयारण्याच्या बाहेरही गवताळ माळ दिसला की आधी वनखात्याचा आहे का ते विचारा. आणि स्पोर्ट एटीव्ही रस्त्यासाठी पास नाही, नंबर प्लेट मिळत नाही, त्यामुळं धरलं तर तक्रार करू नका. छोट्या टेम्पोत टाकून न्या, चारही बाजूंनी पट्टे आवळा, गिअरमध्ये ठेवा, आणि ओळखीच्या माणसाच्या पडीक रानात त्याला विचारून चालवा. पेरणीनंतर तर बांधाच्या आतसुद्धा नको.

कारचं महागडं फुल्ली सिंथेटिक ऑइल घरात पडलंय. टाकू का?
– वाचक, चिंचोळी एमआयडीसी

नका टाकू. एटीव्हीचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलात घर्षण कमी करायचं रसायन असतं, त्यानं क्लच घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२, म्हणजे ऑइलात बुडणाऱ्या क्लचला चालणारा दर्जा, लिहिलेलं बघून घ्या. आणि तुमची गाडी ड्राय संपवाली, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी असेल, वायएफझेडसारखी, तर ऑइल थंड गाडीवर बघू नका, उभ्या गाडीत ते टाकीतून खाली इंजिनात उतरतं आणि कमी दिसतं, मग माणूस वरून ओततो आणि जास्तीचं ऑइल इंजिनच्या श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदर पाइपातून, एअरबॉक्समध्ये येतं. गरम करा, बंद करा, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढं थांबा, मग ऑइल मोजायची काडी बघा.